बांधावरचा बावटा

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात पुलाच्या अलीकडे माझं खतबियाण्यांचं दुकान आहे आणि त्याला लागून सईदचा गाळा. 'माहिरा प्रॉपर्टीज' ही पाटी तिथे अजून आहे. माहिरा म्हणजे त्याची मुलगी. पाटीवर निळा समुद्र, एक नारळ आणि नारळाखाली काठी घेऊन उभा असलेला माणूस रंगवलाय. तो गुराखी नाही, गोल्फ खेळणारा आहे, हे माझ्या गिऱ्हाइकांना मलाच समजावून सांगावं लागतं.

सईद बारा वर्षं आखातात होता. तिथे एका गोल्फच्या मैदानावर त्याचं काम गवत कापायचं, पाणी मारायचं आणि रोज सकाळी भोकांची जागा बदलून त्यांत झेंडे रोवायचं. सुट्टीवर आला की माझ्या दुकानातल्या पोत्यावर बसून तो हा खेळ आम्हाला समजावायचा. गवतात एवढंसं भोक, ते लांबून दिसावं म्हणून त्यात झेंडा, आणि चेंडू त्यात पडला की मोठमोठी माणसं टाळ्या वाजवतात. एकदा हिरामण भाताचं बियाणं न्यायला आला होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भोकासाठी एवढी माणसं? आमच्या बांधाला खेकड्यांनी पाडलेली हायेत. हवी तेवढी घेऊन जा म्हणावं!" सईद पोत्यावरून पडेपर्यंत हसला होता.

हे दोघं करंजखारचे, शाळेतले सोबती. करंजखार खाडीला लागून आहे आणि तिथली सगळी शेतं भरतीच्या पाण्याच्या खाली. मातीचा लांबलचक बांध घालून बापजाद्यांनी समुद्र बाहेर ठेवला आणि आत तांबडं भात पिकवलं. खेकड्यानं पाडलेलं भोक वेळेवर बुजवलं नाही, तर उधाणाचं पाणी तिथून घुसतं आणि बघता बघता बांध फुटतो. याला खांड जाणं म्हणतात. एकदा खारं पाणी आत भरलं की ते शेत काही वर्षं तरी तोंडात घास घालत नाही. म्हणून गावाचा नियम होता. खांड गेली की ज्याच्या नजरेस पडेल त्यानं बांधावर काठीला पांढरं कापड बांधून बावटा लावायचा, आणि बावटा दिसला की हिंदू असो, मुसलमान असो, हातातलं टाकून फावडं-घमेलं घेऊन धावायचं. शेत कोणाचं, हे विचारायचं नाही. सईदचे वडील एकदा नमाज आटोपून तसेच अनवाणी धावले होते, ही गोष्ट हिरामण अजून सांगतो.

सईदचे हे वडील वारले तेव्हा तो तिकडेच अडकला होता, सुट्टी मिळाली नाही. कबरस्तानात त्याच्या वाटची माती हिरामणनं टाकली. ते ऐकल्यापासून सईदच्या डोक्यात एकच होतं, आता परत तिकडे जायचं नाही, जगायचं-मरायचं ते इथेच. पण इथे करायचं काय? धाटावच्या कंपन्यांत या वयात कोण घेणार?

नेमकी त्याच सुमाराला एका मुंबईच्या कंपनीनं करंजखारच्या टेकडीवर गोल्फचं मैदान केलं. कोकणात समुद्राकाठी गोल्फ आणि शेजारी बंगल्याचे प्लॉट. आमच्या अख्ख्या तालुक्यात गोल्फ कळणारा माणूस एकच. सईदचं नशीब फळफळलं. पेणच्या स्टँडजवळ तो गिऱ्हाइकांना भेटायचा, त्यांच्या गाडीत पुढे बसायचा आणि टेकडी येईपर्यंत त्यांना गोल्फमधलं असं काही सांगायचा, की खाली उतरेपर्यंत त्यांचं निम्मं ठरलेलं असायचं. आधी त्यानं स्वतःच्या वाट्याची जमीन विकली, मग भावकीची, मग गावातल्या इतरांची. गावात राहायला मिळावं म्हणून गाव विकतोयस, असं मी त्याला तोंडावर म्हटलं होतं. मला असलं बोलल्याशिवाय राहवत नाही. तो हसला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

एकट्या हिरामणनं आपली जमीन विकली नाही. सईदनंही त्याला कधी विचारलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

टेकडीवर दरवर्षी दिवाळीनंतर मोठी स्पर्धा भरते. तीन दिवस पेणपासून गाड्यांची रांग लागते. गावातली पोरं टोप्या घालून पाहुण्यांच्या काठ्या वाहतात, गाड्या लावतात, आणि उरलेली धाटावला शिफ्टला असतात. प्लॉट खरे विकले जातात ते याच दिवसांत. खेळ बघायला आलेली माणसं खुशीत असतात, खाली खाडी चमकत असते, शेतं सोन्यासारखी पिवळी दिसतात. वर्षाचं काम सईद त्या तीन दिवसांत करायचा.

गेल्या साली स्पर्धेचा शेवटचा दिवस आणि कार्तिकी पौर्णिमेचं उधाण एकाच दिवशी आलं. त्या दिवशीचं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं, जोडून सांगतो.

दुपारी हिरामण आणि त्याची बायको पुतळी शेतात होती. भात कापून आडवं पाडलेलं, भारे बांधायचे बाकी. भरती चढत असताना पुतळीला बांधाखालून पाण्याची धार येताना दिसली. बांधाच्या त्या बाजूची जमीन विकली गेली होती, त्यामुळे पावसाळ्यानंतर तिथे कोणी माती टाकली नव्हती. हिरामणनं धोतर सोडलं, बांबूला बांधलं आणि बावटा उभा केला. मग फोन लावले. पण खेळणाऱ्यांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून टेकडीवर सगळ्यांचे फोन मुके केलेले. गावात म्हातारी माणसं होती. त्यांनी बावटा पाहिला. पण त्या तीन दिवसांत जिकडे तिकडे झेंडेच होते, मैदानावर, प्लॉटच्या हद्दीवर, रस्त्यानं. त्यांना वाटलं, त्यातलाच असेल.

टेकडीवर पाहुण्यांसाठी लाकडी सज्जा बांधलाय. सईद तिथे पुण्याच्या एका जोडप्याला खालचे प्लॉट दाखवत होता. आखातातून आणलेली, नेहमीची हिरवी टोपी त्याच्या डोक्यावर होती. बाईंनी विचारलं, "तो तिकडे एकटाच झेंडा कसला हो?"

सईदनं हात लांब करून बावट्याकडे दाखवलं आणि म्हणाला, "ते होल आहे मॅडम. पुढल्या वर्षी मैदान तिथपर्यंत येणार आहे."

जोडप्यानं तिथल्या तिथे प्लॉट पक्का केला.

खांड मोठी गेली. संध्याकाळी पोरं घरी परतली तेव्हा कापलेलं भात खाऱ्या पाण्यावर तरंगत होतं.

दोन-चार दिवसांनी हिरामण अष्टमीत आला. सईद माझ्याच दुकानात बसला होता. हिरामण त्याच्या शेजारच्या पोत्यावर टेकला. त्याचे दोन्ही हात चिखलानं सोलून निघाले होते. वर्षानुवर्षं माझ्याकडून बियाणं नेणाऱ्या त्या माणसाकडे मला बघवेना. मी आपला उगाच तराजू पुसत राहिलो.

"सैद, तू हात केलास ना रे मला?" हिरामणनं विचारलं.

"कवा?"

"वरून, सज्ज्यावरून. तुझी टोपी वळखली मी. मी पुतळीला म्हटलं, थांब गो, नको जाऊ कोणाला बोलवायला, सैदनं बघितलाय बावटा, हात केलान, आता माणसं घेऊन येतोय. मग आम्ही दोघांनी तिथंच उभं राहून पाणी रोखून धरलं. तू आता येशील, मग येशील."

सईदनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला गोल्फचा झेंडा वाटला रे," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला दाखवत व्हतो."

हिरामणनं मान डोलावली. "असंल," तो म्हणाला. "समद्यांनाच तसं वाटलं. तुझा काय दोष?" मग खांद्यावरचं फडकं झटकून उठला आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाला, "माझी बी विकून टाक आता. तुझ्याबिगर कोणाला सांगू?"

तो पूल ओलांडून गेला. सईद तिथेच बसून राहिला. मी शेवटी न राहवून विचारलं, "खरंच नाय ओळखलास?"

"बारा वर्षं झेंडे रोवलेत मी," सईद म्हणाला. "गावातलं कोणी बी चुकेल, मी कसा चुकेन? बघताक्षणी वळखला. म्हटलं, एवढं गिऱ्हाईक पक्कं झालं की धावतो. पाच मिनिटांत. तेवढ्यात खांड गेली."

"मग त्याला खरं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर माफ केलं असतं त्यानं," सईद म्हणाला आणि तोंड फिरवून रडायला लागला. मी खूप संतापलो होतो, तरी उठून त्याच्यासाठी चहा सांगितला.

हिरामणची जमीन सईदनं विकली नाही. दुसऱ्या एका एजंटनं विकली. सईदनं गाळ्याला कुलूप लावलं आणि आखातातल्या जुन्या मुकादमाला फोन केला. त्याची बायको हमिदा दिवसभर माझ्या बायकोपाशी येऊन बसायची. "ह्याला इथंच मरायचं व्हतं ना गो, मग असं काय झालं?" असं पुन्हा पुन्हा विचारायची. आम्ही दोघांनी तिला काही सांगितलं नाही.

तो निघाला त्या सकाळी मी रोह्याच्या स्टेशनवर गेलो होतो. गाडी यायला थोडा वेळ असताना हिरामण येताना दिसला. सईदच्या प्रत्येक खेपेला हिरामण त्याला आपल्या शेतातल्या तांबड्या तांदळाचं गाठोडं द्यायचा. तिकडे पोचल्यावर पहिलं जेवण त्याचंच व्हायचं, असा सईदचा रिवाज होता. याही वेळेला हिरामणच्या काखेत गाठोडं होतं. त्यानं ते सईदच्या हातात दिलं. सईदनं गाठ सैल करून आत पाहिलं. तांदूळ पांढरे होते.

"दुकानातले हायत," हिरामण म्हणाला. "माझे नायत औंदा. पण रिकाम्या हातानं कसा पाठवू तुला?"