बाकी पोट स्वच्छ

कार्डावरचं अक्षर माझंच होतं.

प्लास्टिकच्या पिशवीतून रिपोर्टांची थप्पी निघाली. तिच्या तळाशी चौदा वर्षांपूर्वीचं, कडा पिवळ्या पडलेलं डिस्चार्ज कार्ड होतं. ‘अ‍ॅपेंडिक्सला सूज. अ‍ॅपेंडिक्स काढले. बाकी पोट स्वच्छ.’ खाली माझी सही.

कार्ड पुढे करणारी रोशनी एकतीस वर्षांची. नाव मी बदललं आहे, बाकीचं तिच्या परवानगीने जसंच्या तसं लिहितो आहे. शेजारी तिची सासू, कौसल्याबाई. दोघी लाखांदूरकडच्या एका गावाहून एसटीने पवनीला आल्या होत्या. मी सर्जन. स्वतःचा दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली, पण एका मित्राच्या क्लिनिकमध्ये आठवड्यातून दोन दिवस बसतो. मीच कसा आठवलो, असं मी विचारलं.

कौसल्याबाई म्हणाल्या, “ज्यानं धुरा बांधला, त्यालेच माहीत राहते पाणी कुठून झिरपते.”

धुरा म्हणजे धानाच्या शेताचा बांध. बाईंचा तर्क चुकीचा नव्हता.

तक्रारी दोन होत्या. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. आणि वर्षातून तीन-चारदा पोटात असा पीळ पडतो की रोशनी आडवी होते, उलट्या होतात, दोन दिवसांनी आपोआप थांबतं. बहुतेक हिवाळ्यात. हिवाळ्यातच का, हे विचारल्यावर सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं की त्या दिवसांत त्या सुनेला तळ्यातले ताजे शिंगाडे खाऊ घालतात, टोपलीभर. शिंगाड्याने गर्भ धरतो, असं गावात म्हणतात. सून नको म्हणाली तर सोलून हातात देतात. रोशनी हसली. “नाही म्हटलं तर आई स्वतःही खात नाहीत जी. मंग खाते.”

मी तिला टेबलावर घेतलं. अ‍ॅपेंडिक्सच्या ऑपरेशनची खूण होती, आणि तिच्यापासून दोन बोटांवर एक लहान गोल डाग. तो डाग ड्रेनचा. ड्रेन म्हणजे पोटातला पू बाहेर यावा म्हणून ठेवलेली रबरी नळी. साध्या अ‍ॅपेंडिक्सला अशी नळी लागत नाही. मला सगळं आठवलं.

रोशनी तेव्हा सतरा वर्षांची होती. आसगावहून, म्हणजे माहेरून, तिला आणलं, तेव्हा अ‍ॅपेंडिक्स फुटून दोन दिवस झाले होते. ओटीपोटात, गर्भाशयाभोवती आणि नळ्यांभोवती पू साचला होता. मी पोट धुतलं, ड्रेन ठेवला, पोरगी वाचली. घरी सोडताना तिचे वडील मला व्हरांड्यात घेऊन गेले. हात जोडून म्हणाले, “साहेब, पिशवीजवळच्या पुवाचं कागदावर नका लिहू जी. दोन-तीन वर्षांनं सोयरीक पाहाची हाय. लोक कागद मागतेत.”

ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे मुलीच्या पोटावर टाके असले की सोयरे दवाखान्याचा कागद बघायला मागतात. मला वाटलं, दोन ओळींनी पोरीचं भलं होत असेल तर काय बिघडलं? मी लिहून दिलं, बाकी पोट स्वच्छ. तिला स्वतःलाही कुणी काही सांगितलं नाही. मीही नाही.

काय बिघडलं, ते आता सांगतो. आतडी ओली आणि निसरडी असतात, एकमेकांवरून सरकत राहतात. पोटात पू झाला किंवा ऑपरेशन झालं की बरं होताना त्यांच्यात चिवट पापुद्रे तयार होऊ शकतात. त्यांना आम्ही अ‍ॅडहिजन्स म्हणतो. बऱ्याच जणांना त्यांचा त्रासही होत नाही. पण आतड्याचं वेटोळं त्यात अडकलं, तर चोथा असलेलं खाणं, उदाहरणार्थ टोपलीभर कच्चे शिंगाडे, तिथे तटतं. आणि गर्भाशयाच्या नळ्या अडकल्या तर स्त्रीबीज पुढे जात नाही.

पिशवीत नळ्यांच्या एक्स-रेचा रिपोर्ट होता. औषध नळ्यांतून पुढे गेलं नव्हतं. खाली शेरा होता, ‘भीतीने नळ्या आकसल्या असाव्यात, पुन्हा करावा.’ तो पुन्हा कुणी केलाच नाही, कारण प्रत्येक डॉक्टरने जुनं कार्ड पाहिलं होतं. पोट स्वच्छ आहे, मग गोळ्या देऊन बघू. अशी चार वर्षं गेली.

मी नुसतं ‘दुर्बिणीने तपासा’ एवढं लिहून सुटू शकलो असतो. शेजारच्या खोलीत जाऊन नागपूरला फोन लावला, तेव्हा मनात तेच होतं. माझी एक जुनी ज्युनिअर तिथे दुर्बिणीची ऑपरेशनं करते.

“पाठवा सर. आधीचं काही?”

“अ‍ॅपेंडिक्स.”

“साधं ना? मग बेंबीतूनच जाते.”

दुर्बिणीची पहिली सुई बेंबीतून आत घालतात, ती न बघता. आत आतडं पोटाला चिकटलेलं असेल तर ते फुटू शकतं.

“साधं नाही,” मी म्हणालो. “फुटलेलं होतं. ओटीपोटात पू होता. कार्ड खोटं आहे.”

“कुणी लिहिलंय असं?”

“मी.”

“मी दुसरीकडून जाईन,” ती म्हणाली. “ पण सर, पेशंटला सांगा.”

मी परत येऊन रोशनीला विचारलं, एकटीशी बोलायचं आहे, सासूबाई बाहेर बसतील का? ती म्हणाली, “आई बसू द्या. घरी जाऊन मलेच सगळं सांगावं लागते.”

मी सांगितलं. सगळं, व्हरांड्यासकट.

रोशनीने कार्ड उचलून पुन्हा वाचलं. “बाबानं म्हटलं होतं का लिहू नका म्हणून?”

“म्हटलं होतं. पण सही माझी आहे.”

“सात वर्षं मी मलेच दोष देऊन राहिली होती.” एवढंच ती बोलली. तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

कौसल्याबाई वेगळ्याच विचारात होत्या. “म्हणजे माह्या शिंगाड्यानं पोरगी लोळे?” मी हो म्हणालो. त्यांनी सुनेचा हात धरला आणि मला म्हणाल्या, “तुमी लपवलं, मी चारलं. दोघंही भलं कराले गेलो.”

पुढच्या महिन्यात नागपूरला ऑपरेशन झालं. आतडं खरंच बेंबीशी चिकटलेलं होतं. ते सोडवलं. नळ्या दोन्ही खराब, पाण्याने फुगलेल्या. त्या काढाव्या लागल्या. आता टेस्ट ट्यूबचाच मार्ग उरला आहे. एक प्रयत्न झाला, तो फसला. चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर हाती वेळ जास्त असता. याहून जास्त मी सांगू शकत नाही आणि कमी सांगणार नाही. दुसरा प्रयत्न कधी करायचा, करायचा की नाही, हे ती आणि तिचा नवरा ठरवतील. सासूबाईंनी गावात बजावलंय की याबद्दल कुणी विचारायचं नाही. ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात पोट एकदाही पिळलं नाही. पापुद्रे पुन्हा धरू शकतात, हेही मी तिला सांगून ठेवलंय.

माझ्या दवाखान्याच्या जुन्या रजिस्टरात ऑपरेशनची खरी नोंद होती. तिच्यावरून मी नवीन कार्ड लिहिलं, त्या दिवसाची तारीख घालून, ‘आधीचे कार्ड चुकीचे होते’ असं वर लिहून. रोशनीच्या पिशवीत ते आता सगळ्यात वर असतं.

आणि हिवाळ्यात लाखांदूरच्या एसटीने माझ्यासाठी टोपलीभर शिंगाडे येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी फोन करून म्हटलं, बाई, हे कशाला? कौसल्याबाई म्हणाल्या, “तुमचं पोट तं स्वच्छ हाय ना जी? मंग खा.”

मी खातो. कार्ड कसं लिहावं, असं नवे डॉक्टर विचारतात तेव्हा एवढंच सांगतो: डिस्चार्ज कार्ड व्हरांड्यात उभ्या असलेल्या बापासाठी लिहू नका. चौदा वर्षांनी सुई हातात घेऊन जो उभा राहणार आहे, त्याच्यासाठी लिहा.