वासराचं घुंगरू

परवा रहिमतपूरच्या बाजारात एका वासराच्या गळ्यातलं घुंगरू वाजलं आणि जुनी गोष्ट आठवली. बहात्तरचा दुष्काळ सरला होता. सासरे फौजेतून पेन्शनीवर आले ते कोटाच्या खिशात ओंजळीएवढं पांढरं कुत्रं घेऊन. साहेबांच्या बाईंनी दिलेलं. "आवं, ह्यो उंदीर कशापायी आनलासा?" सासूबाई फणकारल्या. पण तो उंदीर बैलांवरसुद्धा भुंकायचा आणि सारखा पायात यायचा. कुणी तुडवेल म्हणून सासूबाईंनीच त्याच्या गळ्यात वासराचं पितळी घुंगरू बांधलं. थोड्याच दिवसांत त्याला खोकला लागला, दूधही गिळवेना. हळद दिली, ओव्याची धुरी केली, काही उपयोग नाही. शेवटी गुरांच्या डॉक्टरांनी नुसतं घुंगरू सोडलं. "काडीएवढं नरडं त्याचं, मावशी. त्याला पितळ कसं पेलंल?" हळूहळू खोकला थांबला.  मग एका सकाळी चुलीपाशी छुमछुम ऐकू आली. बघते तर ते घुंगरू त्यांनी स्वतःच्या पायात बांधलेलं. मला हसू आवरेना, तशा म्हणाल्या, "मी आले त्ये त्याला कळाय नगं का?" आता सासूबाईही नाहीत आणि ते कुत्रंही. तरी परवा बाजारात पाऊल उचलण्याआधी मी खाली बघितलं.