बागेतली सात-चौदाची गाडी

कुरामोची इसाओ निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांची गाडीही निवृत्त झाली. अडतीस वर्षं त्यांनी एकाच जातीची गाडी चालवली: तोक्योच्या पश्चिमेच्या उपनगरांतून माणसं भरायची आणि शहरात नेऊन ओतायची, ती लाल पट्ट्याची विजेची गाडी. तिचा क्रमांक तीन हजारचा, म्हणून सगळे तिला तीनहजारी म्हणत. तिच्या जागी चंदेरी, आवाजच न करणाऱ्या गाड्या आल्या आणि जुन्या डब्यांचा लिलाव निघाला. इसाओंनी चालकाच्या खोलीसकट अर्धा डबा घेतला. अर्धाच, कारण अंगणात अख्खा मावत नव्हता. खरं तर अर्धाही मावत नव्हता. त्यासाठी पर्सिमनचं, केशरी गोड फळांचं झाड तोडावं लागलं. झाड बायकोने, हात्सुएबाईंनी लावलेलं होतं.

"अहो, झऱ्यावर न्यायचं तेवढं राहिलं बरं का," झाड पडलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या.

"जाऊ की," इसाओ म्हणाले. कुरुमिनोच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर 'जाऊ की' हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चाललं होतं. पण ज्याची गाडी रोज सात-चौदाला सुटते तो जाणार कधी? आणि आता तर गाडी दारातच आली होती.

पहिल्या सोमवारी इसाओ टोपी, हातमोजे घालून डब्यात बसले आणि बरोबर सात-चौदाला त्यांनी दांडा ओढला. डबा अर्थातच हलला नाही. मंगळवारी शेजारचे निशिवाकी कोट-टाय करून, बॅग घेऊन हजर झाले. तेही निवृत्तच. तेहतीस वर्षं ते तीनहजारीच्या दुसऱ्या दाराशी, कडी धरून, उभ्या उभ्या झोपत आले होते. घरच्या गादीवर त्यांचा डोळा लागत नव्हता. आठवड्याभरात अकरा प्रवासी झाले. उझावाबाईंना म्हणे चालत्या गाडीशिवाय भुवया रेखता येत नसत. ही गाडी चालत नव्हती, पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. इसाओ एकेक स्टेशन पुकारत, पाऊस असला की वेग कमी ठेवत, आणि सात छप्पन्नला शेवटचं स्टेशन आलं की दारं उघडत. सगळे वाकून नमस्कार करत आणि त्याच अंगणात उतरून घरी जात. आपण याला खुळेपणा म्हणू; त्या गल्लीत याला वक्तशीरपणा म्हणत.

आता इसाओंच्या बोटाबद्दल सांगायला हवं. गाडी चालवणाऱ्याने सिग्नल नुसता बघायचा नसतो. त्याच्याकडे बोट रोखायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "हिरवा, ठीक!" बोट आणि तोंड कामाला लावलं की डोळा चुकत नाही, असा त्यामागचा हिशेब. जित्याची खोड, घरातही बोट थांबत नसे. सकाळी घराबाहेर पडताना ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि बोट फिरवत. "गॅस बंद, ठीक! फ्रीज बंद, ठीक! पत्नी हजर, ठीक!"

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारीही त्यांनी तिन्ही गोष्टी ठीक म्हटल्या, डब्यात चढले, दारं लावली आणि गाडी सोडली. चौथं स्टेशन पुकारल्यावर मागच्या काचेवर टकटक झाली.

"कुरामोचीसान, माफ करा हं," निशिवाकी म्हणाले. "गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये, अशी पाटी आहे. म्हणून स्टेशन यायची वाट बघत होतो."

"अर्धं मिनिट थांबा आहे. बोला."

"वहिनी सोमवारी बॅग घेऊन गेल्या. अजून आल्या नाहीत."

"भलतंच काय! आत्ता तर बघून आलो मी."

"काय बघितलंत?"

इसाओ चालकाच्या दाराने खाली उतरले आणि घरात धावले. स्वयंपाकघरात खुंटीवर हात्सुएबाईंचा निळा एप्रन लटकत होता. गेले तीन दिवस ते त्या एप्रनला हजर म्हणत होते. फ्रीजच्या दारावर, बोट रोज जिथे रोखलं जात होतं बरोबर तिथे, चिठ्ठी होती. 'मी कुरुमिनोला जातेय. वाटलं तर या. भाताचे गोळे खालच्या कप्प्यात.' गोळे तर त्यांनी दोन दिवस खाल्लेही होते.

बायको गेली हे एक. पण न बघता 'ठीक' म्हटलं, हे दुसरं. असल्या चालकाच्या हाती कुणी हातगाडीसुद्धा देणार नाही. आणि अशा माणसाकडे ती परत तरी का येईल? ते तसेच, टोपी-हातमोज्यांसकट, स्टेशनकडे पळाले. चंदेरी गाडीत अडतीस वर्षांत पहिल्यांदा प्रवासी म्हणून बसले, आणि दोन गाड्या बदलून दुपारी कुरुमिनोला पोचले.

स्टेशनाबाहेरच पाय शेकायचं गरम पाण्याचं टाकं होतं. काठावर हात्सुएबाई पाय सोडून, उकडलेलं अंडं सोलत बसल्या होत्या.

"तीन दिवस उशीर," त्या म्हणाल्या. "उशिराची चिठ्ठी आणलीत?"

गाडीला उशीर झाला की प्रवाशाला ऑफिसात दाखवायला चिठ्ठी देतात. इसाओंच्या खिशात ते पुस्तक असायचंच. त्यांनी ते काढलं, पेन उघडलं आणि अडले. छापील रकाने साठ मिनिटांपर्यंतच होते.

"तीन दिवसांचा रकाना नाही गं यात."

"मला अडतीस वर्षांचा हवाय."

इसाओंनी पुस्तक मिटलं, बूट काढले आणि पाण्यात पाय सोडले. दोन मिनिटं बरी गेली. मग ते ताडकन उभे राहिले.

"दारं! अगं, दारं उघडली नाहीत मी. अकरा माणसं सकाळपासून आत आहेत!"

हात्सुएबाई अंड्याचं टरफल काढता काढता नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. इसाओंनी स्टेशनकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. आणि ते परत खाली बसले.

"थांबतील ते," ते पडेल आवाजात म्हणाले. "त्यांना सवय आहे."

"सवय मलाही होती," हात्सुएबाई म्हणाल्या. मग त्यांनीच निशिवाकींना फोन लावला. "अहो निशिवाकीसान, बाकाखाली लाल दांडा आहे. तो ओढला की दार उघडतं."

"माहीत आहे वहिनी. पण चालकांची सूचना आली नाही ना."

हात्सुएबाईंनी घसा खाकरला आणि थेट नवऱ्याच्या सुरात पुकारलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. ही गाडी आज इथेच संपते आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

फोनमधून अकरा जणांचं "आभारी आहोत" ऐकू आलं, आणि मग दार उघडल्याचा फुस्स आवाज.

इसाओंचा उजवा हात सवयीने वर उठला. बोट बायकोवर रोखलं गेलं, तोंड उघडलं. हात्सुएबाईंनी ते बोट मुठीत धरलं.

"बोट नको. आधी बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ लागला.

"तू केस कापलेस," ते म्हणाले.

"मार्चमध्ये," हात्सुएबाई म्हणाल्या, आणि अर्धं अंडं त्यांच्या हातावर ठेवलं.