कूलरसमोरचा रेणू

खोलीत आली की ती आधी संगणकाच्या पाठीला तळहात लावायची, लेकराचा ताप बघावा तसा. "आंग तपून राह्यलं याचं," असं म्हणायची आणि मगच खांद्यावरची पिशवी खाली ठेवायची.

अमरावतीत आम्ही काहीजण रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होतो. आमच्या बोटांवर आम्लाचे डाग, तिचे हात मात्र स्वच्छ. अकोल्याच्या महाविद्यालयातून रजा घेऊन आलेली, आमच्याहून मोठी, म्हणून आम्ही तिला ताई म्हणायचो. संत्र्याच्या सालीतला एक रेणू नेमका कसा वळून स्थिरावतो, हे ती संगणकावर गणितानं शोधत होती. "ताई, चूल न पेटवता सैपाक!" असं आम्ही चिडवायचो. "जेवाले बसशीन तवा सांग," ती म्हणायची.

एकेक गणित आठवडाभर चालायचं आणि वीज गेली की तुटायचं. त्यामुळे सणासुदीलाही तिचा पाय बार्शीटाकळीच्या घरी ठरत नसे.

आमचे सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध गेला नाही, तर नवा मार्गदर्शक शोधा आणि पुन्हा सुरुवात करा. नेमकं शेवटचं गणित मे महिन्यात आलं. अमरावतीचा मे मी तुम्हाला काय सांगू! संगणक तापून आपोआप बंद पडू लागला.

ताईनं अस्सल वऱ्हाडी इलाज केला. आपल्या भाड्याच्या खोलीवरचा कूलर ऑटोत घालून आणला, टाकी भरली आणि त्याचं तोंड थेट संगणकाकडे केलं. आम्हीही खुर्च्या ओढून त्या गारव्यात बसलो. इतके शिकलेले आम्ही, पण ओलाव्याचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही! लवकरच संगणक जो बंद पडला, तो उठलाच नाही.

"बाई, हे हवा माणसाची. यंत्राले कोरडं लागते," सर म्हणाले.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "काहून आणला मी हा कूलर? आता घरी काय तोंड दाखवू, भाऊ?" तिनं मला विचारलं.

नशिबानं रेणू जिथवर वळला होता, तिथवरचं काम डिस्कवर शाबूत होतं. विभागात एसी एकट्या सरांच्या खोलीत. सरांनी ती खोली आणि स्वतःचा संगणक तिला दिला आणि आपली खुर्ची घेऊन ते आमच्यात, कूलरसमोर येऊन बसले. रेणू स्थिरावला. सरांच्या निरोप समारंभाआधी प्रबंध गेला.

पुढे मौखिक परीक्षा झाली. शेवटी श्रोत्यांना विचारतात, कुणाचा प्रश्न आहे का? कुणी विचारत नसतं, सगळ्यांचं लक्ष नाश्त्याकडे. त्या दिवशी मागच्या रांगेतून तिचे वडील उठले.

"बाई, आता तं घरी येतं न?"

सगळ्या प्रश्नांना धडाधड उत्तरं देणारी ताई "येतो न, बाबा," एवढंच म्हणाली. सभागृह हसलं.

"बाबा, निकाल सांगायचा आहे अजून," परीक्षक म्हणाले.

"सांगा न सायेब, आमी थांबतो." आणि ते उभेच राहिले.

संध्याकाळी मी दोघांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. पिशव्या चढवल्या, पाण्याची बाटली घेऊन खिडकीपाशी आलो. गाडी अजून सुटायची होती. ताई वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती. मी हाक मारणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.