हातावरचं नेच्याचं पान

झाशीतल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवते. एक्कावन्नाव्या वर्षी मी अंदमानच्या समुद्रात तीस फूट खाली जाऊन आले, आणि ही गोष्ट घरी आठ दिवस लपवली. लपवली ती फक्त सासूबाईंपासून. घरातल्या बाकीच्यांना ठाऊक होतं आणि ते गप्प राहिले होते. म्हणजे गुन्हा तसा सामुदायिकच.

सासूबाईंनी सरकारी दवाखान्यांत छत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली. बुंदेलखंडातले विंचू, साप, गांधीलमाश्या जेवढ्या माणसांना डसल्या-चावल्या, त्यातली निम्मी तरी त्यांच्या हाताखालून गेली असतील. त्यांना पाण्याची भीती नव्हती, माझी होती. "लक्ष्मी तालाच्या पायऱ्यांवर तुझा पाय घसरतो आणि तू समुद्राला निघालीस," त्या म्हणाल्या. "काचेच्या तळाची होडी असते म्हणे. तीत बसून मासे बघ. पाण्यात उतरायचं नाही."

"नाही उतरत आई," मी म्हटलं.

चेन्नईला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीने मात्र आधीच दोघींचे पैसे भरून टाकले होते. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना हिंदी सुटते. "मम्मी, चल ना. पोहायला येणं ज़रूरी पण नाही. हात धरून नेतात."

हात धरून नेलं ते खरंच. आमची डायव्हिंगची शिक्षिका सव्वीस-सत्तावीस वर्षांची बंगाली मुलगी होती, तिथेच वाढलेली, बोलणं मोजकं. उतरण्याआधी तिने तीनच गोष्टी सांगितल्या. श्वास रोखायचा नाही. काही झालं तर तळहात असा डुलवायचा. "और मॅडम, कुछ भी छूना नहीं. जो सुंदर दिखे, उसको तो बिलकुल नहीं."

खाली गेल्यावर पहिली पाच मिनिटं मी फक्त स्वतःचा श्वास ऐकत होते. मग जरा धीर आला आणि बघायला लागले. निळे मासे, पिवळे मासे, एक गोगलगाय जिला कवच नव्हतं. आणि एका खडकावर नेच्याचं, म्हणजे फर्नचं, पान. तपकिरी, नाजूक, पिसासारखं, टोकं पांढरी. मला वाटलं, अरे वा, इथे नेचा! मी हाताने त्याला शिवले नाही, एवढी आज्ञाधारक मी होते. पण नीट बघायला खाली झुकले आणि तोल सावरताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात त्यावरून गेला.

तापलेल्या तव्याला हात लागावा तसं झालं. ओरडावंसं वाटलं, पण तोंडात नळी. मी तळहात जोरजोरात डुलवला. शिक्षिकेने आधी माझ्या डोळ्यांत बघितलं, मग बुडबुड्यांकडे, मग हाताकडे. झटकन वर नेलं नाही. स्वतःच्या छातीवर हात ठेवून सावकाश श्वास घेऊन दाखवला, मी तसा घेतला, आणि मग आम्ही हळूहळू वर आलो.

होडीत चढल्याचढल्या मी पिण्याच्या पाण्याची बाटली हातावर उपडी करायला गेले. तिने ती हिसकावूनच घेतली.

"मीठा पानी नहीं! रगड़ना भी नहीं!"

तिने समुद्राचंच पाणी बादलीने हातावर ओतलं. मग विचारपूस. सुईसारखं टोचलं की भाजलं? एका ठिकाणी की लांब रेघ? काटा दिसतोय का? काय होतं ते पाहिलंत?

"पाहिलं ना," मी म्हटलं. "नेच्यासारखी वनस्पती होती."

"वो पौधा नहीं है मॅडम. जानवर है. हाइड्रॉइड. जेलीफिश का रिश्तेदार."

हे ऐकून मला दंशाहून जास्त लागलं. जेलीफिश, हायड्रा, प्रवाळ यांची दंशपेशी मी गेली तेवीस वर्षं फळ्यावर काढते आहे. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली नळी, स्पर्श झाला की सुटते. गोडं पाणी लागलं किंवा चोळलं की न सुटलेल्याही सुटतात. सगळं पाठ. आणि प्राणी समोर आला तर मी त्याला झाड म्हटलं! लेक हसू दाबत दुसरीकडे बघत होती.

शिक्षिकेने फवाऱ्याच्या बाटलीतून व्हिनेगर मारलं. होडीभर आमच्या झाशीच्या सीपरी बाजारातल्या चाउमीनच्या गाड्याचा वास पसरला. "इसमें चलता है," ती म्हणाली. "सब में नहीं चलता. काँटे वाली मछली हो तो गरम पानी, जितना सहन हो. इसीलिए पहले पूछती हूँ, किसने काटा." मग धाप लागते का, ओठ सुजलेत का, चक्कर येते का हे तिने दोनदा विचारलं. तसं काही झालं असतं तर थेट हॉस्पिटल, असं बजावलं. संध्याकाळपर्यंत आग थांबली. दोन दिवसांत हात साफ.

मी झाशीला परतले, काचेच्या होडीचं रसभरीत वर्णन केलं, शाळा सुरू झाली.

आठव्या दिवशी प्रेम नगरच्या घरी पेपर तपासत बसले होते आणि हात खाजायला लागला. बघते तर हातावर तेच पान! मधली दांडी, दोन्ही बाजूंना बारीक लाल फोड, ओळीने. शेजारच्या काकी डोकावल्या आणि म्हणाल्या, "मकड़ी फिर गई है." म्हणजे अंगावरून कोळी फिरला. सासूबाईंनी चष्मा लावला, हात खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला.

"कशाने झालं?"

"भाजलं असेल," मी म्हटलं.

"भाजल्याला पानं फुटत नाहीत," त्या म्हणाल्या आणि पर्स घेऊन दाराशी उभ्या राहिल्या.

त्वचेच्या डॉक्टरांकडे ही गर्दी. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. त्यांनी एक नजर टाकली आणि लिहायला घेतलं. "हर्पीज़ है, माताजी."

"नागीण?" सासूबाई खुर्चीतून पुढे सरकल्या. "डॉक्टरसाहब, हमने सैकड़ों देखी हैं. नागीण नस के रास्ते चलती है. ये तो ठप्पा लगा है. किसी चीज़ का ठप्पा है."

डॉक्टरांचं पेन थांबलं. रागावले नाहीत ते, उलट भिंग काढलं. बराच वेळ बघून त्यांनी मला विचारलं, "कहीं बाहर गई थीं आप?"

आता सुटका नव्हती. सासूबाईंकडे न बघता मी सगळं सांगितलं. तीस फूट, बिनकवचाची गोगलगाय, नेचा, तळहात, व्हिनेगर.

"समुंदर का केस तो मैंने किताब में ही देखा है," डॉक्टर म्हणाले. "जिसने वहाँ सँभाला था, उनसे बात हो सकती है?"

मी फोन लावला. शिक्षिका होडीतच होती, वाऱ्याचा आवाज येत होता. असं आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा उठतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. हो, काहींना उठतं, ती म्हणाली, तिने अशी पाच-सहा माणसं बघितली होती. शरीर उशिरा चिडतं. मग डॉक्टरांनी आधीची चिठ्ठी फाडून नवी लिहिली. खाजेची गोळी, लावायला मलम, आणि खाजवायचं नाही.

फोन परत देण्याआधी तो सासूबाईंनी घेतला. "बेटा, गरम पानी कितनी देर? और विंचू... मतलब बिच्छू जैसा दर्द हो तो?" दोघींचं पाच मिनिटं चाललं, शेवटी एकमेकींचे नंबरही घेऊन झाले. बाहेर पेशंट ताटकळत होते.

परतताना आम्ही ई-रिक्षा केली. खंडेराव गेट मागे पडलं तसं मीच म्हटलं, "आई, चुकलं. खोटं बोलायला नको होतं."

"खोटं बोललीस त्याचं काय ते घरी बघू," त्या म्हणाल्या. "पण खाली काय काय दिसलं ते अजून धड सांगितलं नाहीस. ती बिनकवचाची गोगलगाय कुठल्या रंगाची होती?"

घरी जाईपर्यंत मी सांगत होते. ड्रायव्हरनेही एकदा मागे वळून विचारलं, "फिर साँस कैसे ली, मैडमजी?"

दहा-बारा दिवसांत खाज गेली. तपकिरी ठसा तीन महिने राहिला, मग तोही विरला.

मध्यंतरी एका दुपारी सासूबाईंचा फोन वाजला. अंदमानहून शिक्षिका बोलत होती, आणि या वेळी तिचाच आवाज कापत होता. बुटात घोण, म्हणजे मोठी विषारी गोम, होती, पायाला डसली होती. तिकडे घोणी वीतभर लांब असतात म्हणे.

"रोना नहीं," सासूबाई म्हणाल्या आणि हातातली भाजी बाजूला ठेवली. "पहले साबुन से धो. फिर गरम पानी में पैर रख, जितना सहन हो. साँस ठीक है? चक्कर? सूजन ऊपर चढ़े तो सीधे अस्पताल. मैं फोन नहीं रख रही, तू पानी गरम कर."

आणि भांड्यात पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत त्या फोन कानाला लावून उभ्या होत्या.