वणीतली चाळीसपट लहान शॉवेल

वणीला जायचं ठरलं ते एका व्हिडिओमुळे. लदेणीच्या बैलांचा तांडा, प्रत्येक बैल बोटभर उंच, पाठीवर धान्याच्या गोण्या, गळ्यात मोहरीएवढ्या घंटा. बनवणाऱ्या नीलिमाताई राठोड, शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांचे पणजोबा असेच बैल घेऊन मुलखात फिरायचे. मी कौतुकाचे दोन शब्द लिहिले, तर उलट निरोप आला की दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही प्रतिकृती बनवणारे वणीत जमतो, या. मी दहा वर्षं घरात एकटाच विमानं चिकटवत बसलोय. आपल्यासारखी वेडी माणसं इतक्या जवळ आहेत याचा पत्ताच नव्हता.

शनिवारी सकाळी अमरावतीहून एसटी पकडली. नेरला चहा, यवतमाळला गाडी बदलली. करंजीपर्यंत रस्ता झकास आहे. मारेगावच्या पुढे मात्र ताडपत्री बांधलेले कोळशाचे ट्रक सुरू होतात आणि रस्त्याकडेच्या झाडांचा हिरवा रंग हळूहळू काळपट होत जातो. जाणार असाल तर खिडकीची जागा घ्या, पण नाकाला रुमाल ठेवा. बसस्टँडजवळ साधा, स्वच्छ लॉज मिळाला. रविवारी सकाळी समोरच्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरी प्लेट मागवली.

क्लबची जागा म्हणजे एका सभागृहाची मागची खोली. आत दहा-बारा माणसं, लांब टेबलं, डिंकाचा आणि रंगाचा वास. एका शिंप्यानं एसटीची लाल गाडी केली होती, तिच्या सीटचं फाटलेलं रेक्झिनसुद्धा खरं वाटावं असं. माझं विमान मी पिशवीतून काढलंच नाही. ते दुकानातल्या डब्यातून आलेलं; इथलं सगळं बघून बघून, मापं घेऊन केलेलं.

मधल्या टेबलावर शॉवेल होती. खाणीत कोळशावरची माती उपसणारं, तीन मजली घराएवढं यंत्र. इथं चाळीसपट लहान. चाकांच्या जागचे पट्टे सायकलच्या चेनचे, बकेट तेलाच्या डब्याच्या पत्र्याची. मारोतराव ढेंगळे यांनी ती चार वर्षं खपून केली होती. नोकरीभर ते हेच यंत्र चालवायचे. आज ती पहिल्यांदा चालवायची होती, आणि ते बघायला त्यांनी बायकोला, शांताबाईंना, आणलं होतं. नीलिमाताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की शांताबाई कधीच खाणीत उतरल्या नाहीत. तिथं घरच्यांना नेता येत नसे.

मारोतरावांनी बटण दाबलं. मोटर घुमली, बकेट अर्ध्यावर गेली आणि ती ओढणारी दोरी कप्पीतून निसटून खाली आली. ते पुढं झाले, पण दोरीचं टोक विसकटलं होतं. चारदा प्रयत्न केला, टोक काही कप्पीच्या छिद्रात जाईना. शिंपी उठला, तर मारोतरावांनी मानेनंच नको म्हटलं. ते स्टुलावर बसून राहिले. चार वर्षांचं काम एवढ्यावर अडेल, असं मलाही वाटून गेलं.

मग शांताबाई उठल्या. कुणाला काही न विचारता त्यांनी दोरीचं टोक ओठांत ओलं केलं, पिळलं आणि सुईत ओवावं तसं ओवून दिलं.

या वेळी बकेट वर गेली. सगळी शॉवेल पट्ट्यांवर सावकाश वळली, बकेटचं झाकण उघडलं आणि मूठभर काळी रेती खाली पडली.

शांताबाई वाकून केबिनमध्ये बघत होत्या. तुम्ही कुठं बसायचे, त्यांनी विचारलं. मारोतरावांनी काडीनं खुर्ची दाखवली. खुर्चीमागे खिळ्याला ज्वारीच्या दाण्याएवढा डबा लटकवलेला होता. त्यांनी नखानं तो डबा हलवून पाहिला.

“तीस वर्सं डबा भरून देल्ला,” त्या म्हणाल्या. “कुठी जाते, ते आज समजलं मले.”

मारोतराव हळूच म्हणाले, “तुले दाखवासाठीच बनवली.”

दुपारी सगळ्यांनी मिळून आणलेली भाकर आणि बेसनाच्या पातोडीची भाजी खाल्ली. तिकिटं, लॉज, खाणं धरून सहल स्वस्तातच झाली.

माझी बायको एका दवाखान्यात नर्स आहे. चौदा वर्षं मी तिला फाटकापर्यंतच सोडतोय. घरी आल्यावर जेवता जेवता तिला शॉवेलची गोष्ट सांगितली आणि तुझा वॉर्ड कसा आहे, असं विचारलं. तिनं आधी माझ्याकडे नीट पाहिलं, मग लाइट बिलाच्या मागे चित्र काढलं. बारा खाटा, औषधांचं कपाट, बंद न होणारी खिडकी.

“यात तू कुठं बसतेस?”

“बसते कुठं?” ती म्हणाली, आणि खाटांच्या मधल्या वाटेवर पेनानं एक ठिपका काढला.