भिंतीत कोंडलेले दाजी

मी आज जो काही आहे, तो सुमनअक्कामुळे. माझी थोरली बहीण. गावात लोकांचे ब्लाउज शिवून तिने मला कॉलेजात घातलं. आणि घराण्यातला हा पहिला पदवीधर करतो काय, तर कॉम्प्युटरवर खोटी घरं बांधायचा गेम बनवतो!

गेल्या महिन्यात अक्का आणि दाजी पहिल्यांदाच माझ्या शहरातल्या, हाटकेश भागातल्या फ्लॅटवर राहायला आले. तिच्या शिलाईचं चीज झालेलं तिला दिसावं, एवढीच माझी इच्छा. जेवणं झाली. मी ताटं उचलत होतो, तेवढ्यात दाजी दिसेनासे झाले. जेवणानंतरच्या सवयीप्रमाणे पान खायला खाली गेले असतील, असं समजून मी लॅपटॉप उघडला.

“हे बघ अक्का, बटण दाबलं की भिंत उभी!”

“आणि पाणी कोण मारणार भिंतीला?”

“गेममध्ये ते लागत नाही गं. सगळंच खऱ्यासारखं केलं तर खेळणारा कंटाळेल. माणसं मात्र मी अगदी खरी ठेवलीत.” (याच मुद्द्यावर मी ऑफिसात भांडलो होतो. साहेब म्हणत, चुकून भिंतीआड कोंडलेला माणूस आपोआप बाहेर यावा. मी म्हणालो, छे! तो आतून ठोठावणार!)

अक्काने हौसेने घर बांधलं. आत एक मिशीवाला उभा करून त्याला नाव दिलं ‘हे’. (नवऱ्याचं नाव ती गेममध्येही घेत नाही!) मग चौथी भिंत घातली. दार ठेवायचं राहिलं.

टक... टक... टक.

“ऐकलंस? किती खरं वाटतं!” मी फुशारलो.

“बंद कर रे. काटा आला अंगावर.”

मी लॅपटॉप मिटला.

टक... टक... टक.

आवाज हळू होता, अदबशीर होता, आणि भिंतीतून येत होता. शेजारचा फ्लॅट तर रिकामा! भर दुपारी मी भिंतीपासून दोन पावलं मागे सरलो. मी दाजींना फोन लावला. तो सोफ्यावरच वाजला. मग खाली वॉचमनला लावला.

“आपके जीजाजी? वो तो नीचे उतरे ही नहीं, साहब.”

अक्का पांढरीफटक पडली. “अरे देवा, मीच ह्यांना भिंतीत घातलं! पाड आधी ती भिंत!”

आणि मी, पदवीधर माणूस, लॅपटॉप उघडून खरोखर भिंत पाडली!

टकटक थांबली. मागे वळून पाहतो तर घामाने निथळणारे दाजी उभे!

अक्का किंचाळली. मी तिच्याहून मोठ्याने. दाजींच्या हातात भिंतीपलीकडच्या बाथरूमची निखळलेली कडी होती.

“अहो, अडकला होतात तर हाक नाही का मारायची?” अक्का म्हणाली.

“सासुरवाडीला आलेल्या जावयाने बाथरूममधून बोंबलायचं?” दाजी दुखावून म्हणाले. “केव्हाचा ठोठावतोय! आणि हा म्हणतो, किती खरं वाटतं!”

संध्याकाळच्या गाडीने दोघं गावी परतले. ह्यांना कोंडणाऱ्या या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं अक्का सांगून गेली. फोनही उचलेना. शेवटी पत्र पाठवलं:

‘ती. सौ. अक्कास साष्टांग नमस्कार. तू परत यावंस म्हणून दोन सुधारणा केल्या आहेत. गेममधला माणूस आता भिंतीतून आपोआप बाहेर येतो, साहेब जिंकले. आणि बाथरूमला नवी कडी बसली आहे. दाजींना सांग, निर्धास्त या, ही सुताराने बसवली आहे. आधीची तू शिकवलेल्या भावाने बसवली होती.’